कन्सेंटला दहापैकी चार

टेलरबाईंचं माप चुकलेलं आजवर कुणी पाहिलेलं नाही. तीस वर्षं घरच्या घरी शिवणकाम चालवलं; गिऱ्हाईक दारातून आत येऊन खुर्चीवर बसेपर्यंत त्याच्या खांद्याचा आकडा बाईंच्या डोक्यात तयार असे. त्यामुळे स्वतःच्या पित्ताशयाचं ऑपरेशन ठरलं, तेव्हा बाईंनी तेही खडूने आखून, टाचण्या लावून तयार ठेवलं, यात नवल नव्हतं.

"सात वाजता भरती. साडेनऊला ऑपरेशन. अकराला मी परत खोलीत. उद्या सकाळचा चहा घरी!" त्यांनी धाकट्या भावाला फोनवर सांगितलं. "तू आरामात एक वाजता ये. तोवर सगळं आटोपलेलं असेल. या कानाचं त्या कानाला कळणार नाही!"

मापाच्या वहीत यादीही होती. कुंड्यांना पाणी शेजारीण घालणार. मशिनला तेल कालच घातलं. शाळेच्या एकशेचाळीस गणवेशांचं कापड कापून, गठ्ठे बांधून, प्रत्येक गठ्ठ्यावर चिठ्ठी लावलेली. यादीत नवऱ्याच्या नावापुढे एकच शब्द होता. सही.

"हे बघा," बाईंनी आदल्या दिवशी त्यांना समोर बसवून समजावलं होतं. "तुम्ही काहीही करायचं नाही. कुणाला काही विचारायचं नाही. नातेवाईक म्हणून एका कागदावर सही करायची, की झालं. जमेल ना?"

"सही?" सर हसले. "अगं, चौतीस वर्षांत लाखभर वह्यांवर सह्या केल्यात मी!"

बाईंनी तिथेच सावध व्हायला हवं होतं!

हे सर म्हणजे इंग्रजीचे निवृत्त शिक्षक. इंग्रजी शिकवता शिकवता त्यांना कधीतरी लॅटिनची बाधा झाली आणि ती पुढे उतरलीच नाही. कुठलाही इंग्रजी शब्द दिसला, की ते त्याचं मूळ उकरून काढत. मुलं तोंडावर सर म्हणत आणि पाठीमागे मूळव्याध म्हणत. निवृत्तीनंतर मुलं सुटली आणि बाई सापडल्या. घरातल्या फ्रिजपासून पासबुकापर्यंत एकही वस्तू अशी नव्हती, जिच्या पूर्वजांची बाईंना माहिती नव्हती!

पहिल्यांदा पोटात कळ आली, सोनोग्राफी झाली, रिपोर्ट आला. बाई पोट धरून बाकावर वाकलेल्या. सरांनी रिपोर्ट उघडला आणि त्यांचा चेहरा एकदम उजळला.

"कॅल्क्युलस! अगं, लॅटिनमध्ये कॅल्क्युलस म्हणजे बारीक खडा! रोमन लोक खडे मांडून आकडेमोड करायचे, म्हणून तर कॅल्क्युलेट! म्हणजे तुझ्या पोटात अख्खं गणित आहे!"

"ते गणित मागाहून सोडवा," बाई दातओठ खात म्हणाल्या. "आधी गाडी बोलवा!"

त्यानंतर अशा कळा आणखी दोनदा आल्या. तिसऱ्या वेळी सर्जन स्पष्टच बोलले, "आता चौथीची वाट बघू नका. एखादा खडा नळीत जाऊन अडकला, तर जिवावर बेतेल. मी शनिवारपासून तीन आठवडे इथे नाही. शुक्रवारी करून टाकू." तर तो हा शुक्रवार. आज झालं नाही, तर तीन आठवडे पोटात सुरुंग घेऊन बसायचं, हे बाईंना पक्कं ठाऊक होतं.

सकाळी आठला बाई दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत, हिरवा गाउन घालून, तयार. रात्रीपासून पोटात पाण्याचा थेंब नाही. त्यांनी आधी गाउनची शिलाई तपासली. बगलेत दोन टाके उसवलेले होते. "कुणी शिवलाय हा?" असं त्यांनी सिस्टरला विचारलं, पण सिस्टर घाईत होती. स्वतःच्या फॉर्मवर बाईंनी चष्म्याशिवाय, पडल्या पडल्या सही ठोकून दिली.

"काकांची सही झाली, की लगेच नेते हं काकू," सिस्टर म्हणाली. "खाली काउंटरवरच आहेत ते."

साडेआठ झाले. पावणेनऊ झाले. एका सहीला पाऊण तास! बाईंनी तेवढ्या वेळात चार शर्टांच्या कॉलरी बसवल्या असत्या.

नऊला दार उघडलं. सर आत आले. हातात फॉर्म, चष्मा कपाळावर आणि चेहऱ्यावर तोच, रिपोर्ट वाचतानाचा आनंद! बाईंच्या पोटात गोळा आला. हा गोळा खड्यांचा नव्हता.

"अगं, यात काय लिहिलंय माहितीये? आय कन्सेंट!"

"बरं मग?"

"मग काय! कॉन म्हणजे सोबत. सेन्तिरे म्हणजे जाणवणं. कन्सेंट म्हणजे दुसऱ्याला जे जाणवतंय, ते त्याच्यासोबत आपल्यालाही जाणवणं! सेन्स, सेन्टिमेंट, सगळी एकाच घरातली भावंडं!"

"अहो, सही केलीत का?"

"तीच तर अडचण आहे ना! दुखतंय तुझं पोट. माझं पोट ठणठणीत आहे. मला जाणवतंय का काही? नाही! आणि मी लिहून देऊ, की मला जाणवतंय म्हणून? खाली सही करून?"

"त्याचा अर्थ 'संमती' असा होतो, हे शेंबडं पोरही सांगेल!"

"तो आजचा अर्थ झाला. कोशात बघशील तर पहिला अर्थ, परवानगी देणं. दुसरा, कबूल होणं. तिसरा जुना, आता कुणी वापरत नाही, एकमनाने असणं. तिन्ही अर्थांच्या पोटात ते सेन्तिरे बसलंच आहे. त्यात 'टू'च्या जागी 'फॉर' लिहिलंय आणि एका वाक्याला क्रियापदच नाही. असल्या कागदावर माणसाचं पोट फाडतात!"

"फाडत नाहीत, दुर्बिणीने करतात! आणि पोट माझं आहे! मी म्हणतेय ना करा म्हणून!"

"तू म्हणतेस. पण फॉर्म मी म्हणतोय असं म्हणतो."

पालथ्या घड्यावर पाणी! बाईंनी डोळे मिटले, दहापर्यंत मोजलं आणि अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "मी चोवीस तास उपाशी राहीन, पण तुमच्या तोंडून लॅटिनचा एक शब्द आता ऐकणार नाही. खाली जा. त्या कागदावर सही करा. काउंटरवर द्या. आणि मग गप्प बसा."

हा आवाज सरांना ओळखीचा होता. ते गेले. दहा मिनिटांनी दारातून डोकावून म्हणाले, "दिला देऊन."

"सही केलीत?"

"केली."

बाईंनी सुटकेचा श्वास सोडला. आणि इथून पुढे जे झालं, त्याला माप नाही!

साडेनऊला सिस्टर आली, पण मघाची हसरी सिस्टर नव्हे. तोंडावर मास्क, हातात दोन दोन रबरी मोजे. आल्या आल्या तिने दोन पावलं लांब उभं राहून बाईंच्या मनगटावर लाल पट्टी बांधली. मग ट्रॉली ओढत बाईंना मजल्याच्या टोकाच्या एकट्या खोलीत नेलं, दारावर काहीतरी चिकटवलं आणि दार बाहेरून लावलं.

"अगं, ऑपरेशनला ना? मग इकडे कुठे?"

"तुमचा नंबर शेवटी लावलाय काकू."

"का?"

"डॉक्टर सांगतील."

"मला काय झालंय?"

"डॉक्टर सांगतील," सिस्टर पुन्हा म्हणाली आणि नजर चुकवून गेली.

नजर चुकवणारी माणसं बाईंनी पुष्कळ पाहिली होती. पण ती शिलाई न देता जाणारी गिऱ्हाइकं होती. नर्सने नजर चुकवणं निराळं. बाईंनी पोट चाचपलं, कपाळ चाचपलं, जीभ बाहेर काढून खिडकीच्या काचेत पाहिली. जिभेला काही झालेलं नव्हतं.

दाराला एक काच होती. तिच्यापलीकडे सर येऊन उभे राहिले. बाईंनी हातानेच विचारलं, काय झालं? सरांनी दोन्ही हात पसरले, मलाही सांगत नाहीत! मग ते काचेला नाक लावून काहीतरी बोलले, पण ऐकू आलं नाही. बाईंनी आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना बोलताना पाहिलं आणि काही ऐकलं नाही. एरवी त्यांनी हा योग साजरा केला असता. पण सरांचा चेहरा पांढराफटक पडला होता आणि ते काही मुळाबिळांबद्दल बोलत नव्हते, एवढं बाईंना कळत होतं.

अकरा वाजता भाऊ आला. याला एकची वेळ दिली की हा अकराला येणार, हे बाईंनी धरलेलंच होतं, फक्त अकराला आपण शुद्धीवर असू हे धरलं नव्हतं. भाऊ मनाने हळवा. पायात काटा रुतला तरी मृत्युपत्र करायला बसणारा. त्याने दारावरची चिठ्ठी वाचली, सिस्टरला गाठलं.

"लाल शेरा आहे. मला काही बोलता येणार नाही," सिस्टर म्हणाली.

झालं! भाऊ काचेपाशी आला, बहिणीकडे पाहिलं, रुमाल काढला आणि हुंदके देऊ लागला. बाई आतून ओरडल्या, "अरे, काय झालंय ते सांग तरी!" त्याला त्या कण्हतायत असं वाटलं. तो फोन घेऊन जिन्याकडे गेला आणि राईचा पर्वत करायला बसला.

पाचच मिनिटांत बाईंचा उशाचा फोन वाजला. शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या.

"बाई, आत्ताच कळलं. फार वाईट वाटलं हो! शब्दच नाहीत. तुम्ही अगदी काळजी करू नका. फक्त एक विचारते, एकशेचाळीसपैकी तयार किती आहेत?"

"कापून सगळे तयार आहेत! पण तुम्हाला कुणी काय सांगितलं?"

"बटणं लावून किती?" मुख्याध्यापिका म्हणाल्या.

तो फोन ठेवला तर लगेच मामेबहिणीचा. ती आधी दोन मिनिटं नुसतीच रडली. मग म्हणाली, "ताई, तू निश्चिंत मनाने जा. भावोजींकडे आम्ही बघू."

"कुठे जाऊ? मी आहे अजून!" बाई किंचाळल्या. "आणि त्यांच्याकडे बघायचं असेल, तर आत्ताच येऊन घेऊन जा!"

तिसरा फोन शेजारणीचा. कुंड्यांपैकी तिला कुठली ठेवून घेता येईल, असं काहीसं ती विचारत होती. तो बाईंनी पूर्ण ऐकलाच नाही.

बारा वाजले. पोटात भूक, डोक्यात संताप आणि आत कुठेतरी एक थंडगार भीती. सकाळपासून जी बाई घड्याळाकडे बघून चिडत होती, ती आता त्याच घड्याळाकडे बघताना घाबरत होती. खरंच काही निघालं असेल तर? रक्तात? आणि हे मला सांगायला कचरताहेत? बाईंना गणवेशांचे गठ्ठे आठवले, आणि आपल्यामागे या माणसाला साधा चहाही करता येत नाही, हे आठवलं. डोळ्यांत पाणी आलं. ते पुसताना मनगटावरची लाल पट्टी डोळ्यासमोर आली आणि बाईंचं टाळकं सरकलं.

"मरायचं असेल तर कशाने ते कळून मरेन!"

त्या उठल्या. एका हाताने गाउन मागून घट्ट धरला, दुसऱ्या हाताने दार असं काही बडवलं की बाहेरून ते उघडावंच लागलं. मग पुढे बाई, मागे सर, त्यामागे रडणारा भाऊ, त्यामागे "काकू, तुम्हाला चालायला परवानगी नाही!" म्हणत सिस्टर, असा सगळा लवाजमा ऑपरेशन थिएटरच्या दारावर जाऊन थडकला.

दोन ऑपरेशनांच्या मधे चहा पिणारे सर्जन कप हातात घेऊनच बाहेर आले.

"डॉक्टर, मला काय झालंय?"

"पित्ताशयात खडे," डॉक्टर गोंधळून म्हणाले.

"ते मला माहितीये! आणखी काय झालंय?"

"आणखी काय?" डॉक्टरांनी सिस्टरकडे पाहिलं. "यांचा नंबर शेवटी का गेला? मी विचारलं तर म्हणाले संसर्गाची केस आहे. कसला संसर्ग? रिपोर्ट तर सगळे स्वच्छ आहेत."

"डॉक्टर, फाइलच्या पहिल्याच कागदावर लाल शाई होती," सिस्टर म्हणाली. "नवा नियम आहे ना आपला. लाल शाई दिसली, की संसर्ग. पेशंट वेगळा, नंबर शेवटी, आणि बाहेर कुणाला काही सांगायचं नाही. तुम्हीच भिंतीवर लावलाय तो."

"लाल शाईने लिहिलं कुणी?"

फाइल आली. डॉक्टरांनी पहिला कागद काढला. तो सरांचा संमतीचा फॉर्म होता. म्हणजे एकेकाळी होता. आता त्यावर कोरी जागा म्हणून उरली नव्हती! शब्दांखाली लाल रेघा, शब्दांवर लाल फुल्या, समासात बाण, बाणांच्या टोकाला लाल अक्षरं. डॉक्टर मोठ्याने वाचू लागले.

"'कन्सेंट या क्रियापदाचा अर्थ लिहिणाऱ्याला समजलेला दिसत नाही. कॉन, सोबत. सेन्तिरे, जाणवणे. शब्द वापरण्यापूर्वी त्याचे मूळ पाहावे. वाक्य तीन, क्रियापद कुठे आहे? अक्षर बरे. दहापैकी चार. सुधारणा आवश्यक.'" डॉक्टर थांबले. "आणि खाली हे काय? 'पालकांची सही आणावी.'"

भावाचं रडणंसुद्धा थांबलं.

"माझ्या वडिलांना जाऊन अकरा वर्षं झाली," डॉक्टर म्हणाले. "सही कुणाची आणू?"

"चार मी जरा हात सैल सोडूनच दिलेत," सर पुटपुटले.

बाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. रात्रीपासूनची उपासमार, तीन तासांची कोंडी, मामेबहिणीचा निरोप, सगळं त्या एका नजरेत होतं. सर एक पाऊल मागे सरकले.

"तुम्ही म्हणालात, सही केली!"

"केली ना! ही बघ." सरांनी गुणांच्या खाली बोट ठेवलं. तिथे तपासलेल्या वहीवर असते तशी, दोन आद्याक्षरं आणि तारीख होती. काउंटरवरच्या मॅडमनी सही म्हणून तीच धरली होती.

"आणि मघापासून त्या काचेबाहेर घाबरून उभे होतात ते कशाला? स्वतःच्याच शाईला?"

"मला काय ठाऊक? मला वाटलं, तुला खरंच काही..." सर चष्मा काढून पुसू लागले.

तेवढ्यात आतून भूलतज्ज्ञ डोकावले. "मी दोनला निघणार. एकच्या आत पेशंट टेबलावर नसेल, तर मी हात लावणार नाही. बारा चाळीस झालेत."

एकदम धावपळ उडाली. नवा फॉर्म आला. सिस्टरने सरांच्या खिशातला लाल पेन काढून आपल्या खिशात घातला आणि हातात निळा दिला. लाल पट्टी कापली गेली. सर बाकावर बसले, फॉर्म मांडीवर घेतला. सगळे त्यांच्या हाताकडे बघू लागले.

पेन कागदाच्या वर येऊन थांबला.

"आता काय?" बाई म्हणाल्या.

"यात कन्सेंटच्या जागी परमिट घातलं असतं, तर मी कधीच सही केली असती. साधं क्रियापद. पेर म्हणजे आरपार, पलीकडे. मित्तेरे म्हणजे पाठवणं. मी पलीकडे पाठवतो..."

आणि वाक्य तिथेच सोडून ते थिएटरच्या दाराकडे बघत राहिले.

भाऊ म्हणाला, "आणा इकडे, मी करतो सही!" सिस्टर म्हणाली, "भरतीच्या कागदावर काकांचं नाव आहे, त्यांचीच लागेल." डॉक्टरांनी घड्याळ पाहिलं. बाई मात्र सरांच्या हाताकडे बघत होत्या. पेनाचं टोक कागदावर टेकत होतं आणि पुन्हा उचललं जात होतं. चौतीस वर्षं फळ्यावर खडूने ओळीत लिहिणारा हात, रेघसुद्धा कधी वाकडी गेली नव्हती त्याची.

बाई त्यांच्याशेजारी बाकावर बसल्या.

"अहो, तुम्हाला भीती वाटतेय का?"

सरांनी पेनाला टोपण लावलं, पुन्हा काढलं. मग अगदी लहान आवाजात म्हणाले, "सही मी करणार. दार लागणार. आणि आत तुझं काही कमीजास्त झालं, तर कागदावर माझंच नाव राहील ना! मी कसा करू सही? सांग."

सकाळपासून बाईंनी मनात किती शिव्या साठवल्या होत्या! त्या सगळ्या एकदम कुठे गेल्या कळलं नाही. हा माणूस शब्दाची मुळं उकरत नव्हता, त्या मुळांना धरून लोंबकळत होता. आणि आपण त्याला मूर्ख समजत होतो, याचं बाईंना वाईट वाटलं. थोडंसंच. कारण मूर्ख तो होताच.

"मलापण वाटतेय," त्या म्हणाल्या. "सकाळपासून. मी यादी करत बसले म्हणून कळलं नाही कुणाला. तुम्हाला जेवढी वाटतेय तेवढीच मला वाटतेय. अगदी तीच."

सरांनी वर पाहिलं.

"म्हणजे तुला जे जाणवतंय, तेच मला..."

"हो! तेच! सोबत! आता तरी खोटं नाही ना? करा सही!"

सरांनी सही केली. आद्याक्षरं नव्हे, अख्खी सही, आडनावासकट, खाली रेघ मारून. तारीख घातली. आणि डॉक्टरांच्या हातात कागद देताना म्हणाले, "बरोबर आहे शब्द. वाटल्यास मागचे गुण वाढवून घ्या."

बारा पंचावन्नला बाई टेबलावर होत्या.

*

डोळे उघडले तेव्हा खिडकीत संध्याकाळचं ऊन होतं. पोटावर तीन छोट्या पट्ट्या. तोंडाला कोरड. बाईंनी आधी स्वतःला तपासलं, सगळं जागच्या जागी होतं. मग मान वळवली. शेजारच्या पलंगावर कुणीतरी झोपलं होतं, डोक्याला पट्टी, हाताला सलाइन.

ते सर होते!

"भावोजी पडले," भाऊ सांगू लागला. "थिएटरचं दार लागलं आणि हे उभ्याचे आडवे! बाकाच्या कोपऱ्यावर कपाळ आपटलं. चार टाके. डॉक्टर म्हणाले, पोटात काही नाहीये यांच्या. काल रात्रीपासून जेवलेच नव्हते."

"का?" बाईंनी विचारलं.

"तू उपाशी होतीस," सर छताकडे बघत म्हणाले. "मला घास जाईना."

सलाइन नसलेल्या हाताने बाईंनी सरांच्या पलंगाचा काठ धरून ठेवला. अशी दोन मिनिटं गेली. मग सरांना बरं वाटू लागलं आणि ते म्हणाले, "सलाइन. साल म्हणजे मीठ. रोमन सैनिकांचा पगारसुद्धा..."

सिस्टर हातात कागद घेऊन आली.

"काकू, काकांचा फॉर्म. घाबरण्यासारखं काही नाही. डॉक्टर म्हणाले, तुमच्यासोबत सकाळी सोडलं तरी चालेल, नाहीतर उद्या संध्याकाळपर्यंत देखरेखीखाली ठेवू. जे हवं त्या चौकटीत खूण करा. खाली नातेवाईक म्हणून सही."

बाईंनी कागद घेतला, डोळ्यांपुढे धरला, खूण केली, सही केली आणि परत दिला. श्वास घेऊन सोडायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्यात!

सर दुखावले. "वाचलंससुद्धा नाहीस? माझ्या जिवाचा प्रश्न आणि तू न वाचता सही करतेस? एकेका शब्दासाठी मी सकाळपासून..."

"झोपा आता," बाई म्हणाल्या.

सकाळी नऊला भाऊ गाडी घेऊन आला. बाईंची पिशवी भरून तयार होती. सरांनी पलंगावरून पाय खाली सोडले आणि चपला शोधू लागले.

"काका, तुम्ही कुठे निघालात?" सिस्टर आत येत म्हणाली. "तुम्ही संध्याकाळपर्यंत इथेच. काकूंनी तशी खूण केलीय."

"बघ!" सर बोट उगारून बाईंवर गरजले. "बघ, न वाचता सही केली की काय होतं ते! चुकून भलत्याच चौकटीत खूण झाली! आता मी दिवसभर इथे अडकलो आणि तू घरी एकटी, गप्प, बोलायलासुद्धा कुणी नाही! शांतपणे वाचलं असतंस तर..."

बाईंनी पिशवी भावाच्या हातात दिली, पदर सारखा केला आणि दारापाशी जाऊन वळल्या.

"वाचलं होतं," त्या म्हणाल्या. "दोनदा!"